वासाचं वाहन

वाढदिवस आहे. सुनेने कुकरच्या तळाला मीठ पसरून, शिट्टी काढून घरीच केक केला आहे. मेणबत्ती विझते, पोरं टाळ्या पिटतात आणि पहिला तुकडा आजोबांसमोर येतो. आजोबा माळकरी. केकात अंडं नाही, ही खात्री त्यांनी सकाळीच करून घेतली आहे. तेवढ्यात पुण्याला शिकायला असलेला नातू म्हणतो, "पण आबा, व्हॅनिलात अल्कोहोल असतं." आबांचा हात ताटलीपाशी थांबतो. सून स्वयंपाकघरातून बाटली आणते. तिच्यावरची अक्षरं इतकी बारीक, की ती वाचायलाही नातूच लागतो.

हे घर राहूचं आहे असं समजू. दौंड तालुक्यातलं राहू मुळा-मुठा आणि भीमा या नद्यांच्या बेचक्यात वसलेलं आहे. मुळा-मुठा पुढे रांजणगाव सांडसपाशी भीमेला मिळते. दोन पाण्यांमधल्या या पट्ट्याला लोक राहू बेट म्हणतात. इथं नजर जाईल तिकडे ऊस. पाटेठाणला श्रीनाथ म्हस्कोबा, पाटसला भीमा, शिरूरकडे न्हावऱ्याला घोडगंगा असे कारखाने, आणि रस्त्याकडेला धूर सोडणारी गुऱ्हाळं. व्हॅनिलाचा वेल मात्र इथं कुणी पाहिलेला नसतो. त्याला दमट हवा, सावली आणि कोकणासारखा पाऊस लागतो. दौंडच्या वाट्याला येतो वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास.

तरीही आबांच्या प्रश्नातला निम्मा भाग राहूच्याच मातीतला आहे. व्हॅनिलाच्या अर्कात शेंग एक आणि अल्कोहोल दुसरं. शेंग सातासमुद्रापलीकडची असली तरी आपल्या देशात पेयं, औषधं आणि अर्क यांना लागणाऱ्या अल्कोहोलचा मोठा स्रोत ऊसच. खंडोबाला घोडा, शंकराला नंदी, तसं वासालाही वाहन लागतं. या प्रकरणात आपण स्वारापेक्षा वाहनाची चौकशी जास्त करणार आहोत.

वास चालतो कसा

गुऱ्हाळ दिसण्याआधी कळतं. चुलवणात चिपाडं धडधडत असतात, काहिलीत रस आटत असतो आणि अर्धा मैल अलीकडेच नाकाला गोडसर, किंचित करपट वास येतो. याचा अर्थ त्या काहिलीतले काही रेणू सुटून, वाऱ्यावर बसून आपल्या नाकापर्यंत आलेले असतात. उडू शकतो तोच पदार्थ वास देतो. साखर उडत नाही, म्हणून साखरेच्या डब्याला वास नसतो. तीच साखर उष्णतेने मोडली की तिच्यातून उडणारे लहान रेणू तयार होतात आणि घरभर वास सुटतो.

पण उडणाऱ्या वस्तूला सांभाळणं अवघड. म्हणून वास टिकवायचा, मोजायचा, एका पदार्थातून दुसऱ्यात न्यायचा, तर त्याला कशात तरी बसवावं लागतं. हे आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. केशर कोमट दुधात खलतात, कारण त्याचा रंग पाण्यात उतरतो. वेलदोडा साखरेसोबत कुटतात; साखरेचे कण त्याचं तेल धरून ठेवतात. कनोजचे अत्तरवाले फुलांचा वास चंदनतेलात उतरवतात. वाहन कोणतं निवडायचं, हे स्वार कसा आहे त्यावर ठरतं.

हिरव्या शेंगेला वास नसतो

व्हॅनिला ही मेक्सिकोकडची वेलवर्गीय ऑर्किड, म्हणजे आपल्या झाडांवर उगवणाऱ्या आमरीच्या कुळातली. नाव स्पॅनिश आहे आणि त्याचा अर्थ चिमुकलं म्यान, शेंगेच्या आकारावरून. व्हेराक्रूझ भागातले टोटोनाक लोक ती पूर्वापार पिकवत आले. अॅझ्टेकांनी ती कोकोच्या पेयात घातली आणि स्पॅनिश लोकांनी युरोपात नेली. युरोपीयांनी मग वेल जगभर लावले. वेल वाढले, फुललेही. शेंग काही धरेना.

कारण फुलाच्या रचनेत आहे. पुंकेसर आणि स्त्रीकेसर यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो. तो ओलांडून परागकण पोचवणाऱ्या माश्या मेक्सिकोत राहिल्या होत्या. फूल सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी मिटतं. तेवढ्या वेळात परागीभवन झालं तर झालं. १८३६ मध्ये बेल्जियममध्ये शार्ल मोरां या वनस्पतिशास्त्रज्ञाने हाताने परागीभवन करून दाखवलं, पण शेतात परवडेल अशी युक्ती सापडली १८४१ मध्ये, हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावर. ती शोधणारा एडमंड अल्बियस तेव्हा बारा वर्षांचा गुलाम मुलगा होता. बारीक काडीने पडदा उचलायचा आणि अंगठ्याने पराग दाबायचा, एवढंच. आजही जगातल्या बहुतेक व्हॅनिलाच्या शेंगा याच पद्धतीने, एकेक फूल हातात धरून तयार होतात. अल्बियसला १८४८ मध्ये गुलामगिरीतून मुक्ती मिळाली. १८८० मध्ये तो गरिबीतच वारला. त्याच्या युक्तीवर मादागास्करसारख्या बेटांची अर्थव्यवस्था उभी राहिली.

फूल धरल्यापासून शेंग तयार व्हायला आठ-नऊ महिने लागतात. आणि एवढं करून तोडलेली हिरवी शेंग नाकाला लावली तर काहीच येत नाही. वास आत कुलपात असतो. व्हॅनिलिन हा मुख्य सुगंधी रेणू शेंगेत ग्लुकोज साखरेला जखडलेला असतो, आणि साखरेचं ओझं पाठीवर असलेला रेणू उडू शकत नाही. ते ओझं उतरवणारं विकर शेंगेतच असतं, पण वेगळ्या पेशींत. दोघांची गाठ घालून द्यायची, तर आधी शेंग मारावी लागते.

म्हणून शेंगा साठ-पासष्ट अंशांच्या गरम पाण्यात काही मिनिटं बुडवतात. पेशींच्या भिंती फुटतात. मग त्या गरम असतानाच घोंगडीत गुंडाळून पेटीत घालतात, अगदी आपण आंबा गवताच्या आढीत घालतो तसं. आढीत आंबा पिकतो; इथं शेंग घामेजते, काळपट तपकिरी होते. पुढे दिवसा ऊन, रात्री घोंगडी, मग सावलीत वाळवण आणि शेवटी काही महिने बंद पेटीत मुरवण. पाच-सहा किलो हिरव्या शेंगांची एक किलो तयार शेंग होते. चांगल्या शेंगेत दोन टक्क्यांच्या आसपास व्हॅनिलिन असतं आणि त्याच्या सोबतीला दोनशेहून अधिक इतर सुगंधी घटक अत्यल्प प्रमाणात. व्हॅनिलाच्या वासात जी मनुकांची, लाकडाची, किंचित धुराची छटा येते ती या सोबत्यांची.

पाण्यात जमत नाही का?

आता शेंगेतला वास बाटलीत न्यायचा आहे. सर्रास दिलं जाणारं उत्तर असं, की व्हॅनिलिन पाण्यात विरघळत नाही म्हणून अल्कोहोल लागतं. हिशेब केला तर हे उत्तर लंगडं पडतं. लिटरभर साध्या पाण्यात सुमारे दहा ग्रॅम व्हॅनिलिन विरघळू शकतं. आणि अर्काच्या एका लिटरमध्ये असतं किती? अमेरिकेच्या अन्नकायद्याने व्हॅनिला अर्काची व्याख्या आकड्यांत बांधून दिली आहे: एका गॅलनला १३.३५ औंस शेंगा, म्हणजे लिटरला साधारण शंभर ग्रॅम, आणि अल्कोहोल आकारमानाने कमीत कमी ३५ टक्के. शंभर ग्रॅम शेंगांत व्हॅनिलिन दोन ग्रॅम. तेवढं तर पाण्यातही मावलं असतं!

मग अल्कोहोल कशाला? पहिलं कारण ते दोनशे सोबती. त्यांत राळेसारखे, तेलकट, मेणचट असे पुष्कळ घटक आहेत. ते पाण्याला दाद देत नाहीत. अल्कोहोलच्या, म्हणजे इथेनॉलच्या रेणूचं एक टोक तेलाच्या जातीचं आणि दुसरं पाण्याच्या जातीचं. त्यामुळे ते दोन्ही घरचा पाहुणचार घेऊ शकतं. उरलेलं ६५ टक्के मुख्यतः पाणीच असतं आणि ते शेंगेतली साखर, आम्लं, रंग ओढून घेतं. दोघं मिळून जे काढतात ते एकट्याला जमत नाही.

दुसरं कारण टिकाऊपणाचं. पाण्यात भिजवलेली शेंग दोन-चार दिवसांत आंबते, बुरसते. ३५ टक्के अल्कोहोलमध्ये बुरशी आणि जिवाणू वाढत नाहीत, म्हणून अर्क वर्षानुवर्षं टिकतो, मुरतोही. तिसरं कारण नाकाशी संबंधित. अल्कोहोल पाण्यापेक्षा लवकर उडतं; बाटलीचं झाकण उघडताच ते वासाला सोबत घेऊन वर येतं.

उसातून बाटलीपर्यंत

राहूकडच्या माणसाला मळी हा शब्द दोनदा भेटतो. गुऱ्हाळात रस तापला की वर येणारा मळकट फेस म्हणजे मळी. गुळव्या तो झाऱ्याने काढून टाकतो, भेंडीचा चिकट रस घालतो आणि पुन्हा काढतो. साखर कारखान्यात मात्र मळी म्हणजे साखरेचे दाणे काढून घेतल्यावर उरणारा काळा, घट्ट पाक. त्यात साखर पुष्कळ उरलेली असते, पण तिचे दाणे काही केल्या पडत नाहीत. माणसाला न निघणारी ही साखर यीस्टला मात्र चालते.

टनभर उसातून अशी शेवटची मळी साधारण ४० ते ४५ किलो निघते. ती पाण्याने पातळ करून यीस्ट सोडलं, की ते साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतं. आंबवणात अल्कोहोलचं प्रमाण आठ-दहा टक्क्यांपर्यंत गेलं की बहुतेक यीस्ट थकतं. पुढचं काम उष्णतेचं. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, पाणी शंभराला. या फरकावर ऊर्ध्वपातनाचे उंच मनोरे चालतात. वर सरकताना वाफ प्रत्येक मजल्यावर थंड होते, पुन्हा उकळते आणि दर खेपेला अल्कोहोलने श्रीमंत होते. पण साध्या ऊर्ध्वपातनाने ते ९५ टक्क्यांच्या आसपास अडतं. तिथं पाणी आणि अल्कोहोल अशी गट्टी करतात की एकत्रच उकळू लागतात. खाद्य अर्कासाठी आणखी शुद्धीकरण करून नको ते वास काढून टाकतात, कारण ज्या वाहनाला स्वतःचाच वास आहे ते स्वाराच्या काय कामाचं?

या विद्येत पुणे जिल्हा मागे नाही. सोलापूर रस्त्यावर मांजरीला १९७५ मध्ये सुरू झालेली वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. तिथं साखरेसोबत अल्कोहोलचंही शास्त्र शिकवलं जातं. १९८३ मध्ये पुण्यात प्रमोद चौधरी यांनी स्थापन केलेल्या प्राज इंडस्ट्रीजने उभारलेले अल्कोहोलचे प्रकल्प परदेशांतही चालतात. पेट्रोलमध्ये मिसळलं जाणारं इथेनॉल आणि व्हॅनिलाच्या अर्कातलं इथेनॉल, रेणू एकच. फरक शुद्धतेचा आणि परवान्याचा.

आता एक गमतीचा हिशेब. टनभर उसाच्या शेवटच्या मळीतून साधारण दहा लिटर अल्कोहोल मिळतं. लिटरभर व्हॅनिला अर्काला ३५० मिलिलिटर लागतं, म्हणजे ३५ किलो ऊस. एक ऊस सव्वा किलोचा धरला तर अठ्ठावीस ऊस; एक बऱ्यापैकी मोळी. दुसऱ्या बाजूला शंभर ग्रॅम तयार शेंगा म्हणजे तीसेक नग, आणि एका फुलाची एक शेंग. तीस ऊस आणि हाताने फळवलेली तीस फुलं, असा हा लिटरभर अर्क.

या दोघांची ओळख त्यांच्या कार्बनमध्येही लिहिलेली असते. हवेतला थोडासा कार्बन किंचित जड असतो, त्याला कार्बन-१३ म्हणतात. बहुतेक झाडं जड कार्बन टाळतात. ऊस, मका, ज्वारी यांची प्रकाशसंश्लेषणाची रीत वेगळी. ही पिकं तो फारसा टाळत नाहीत. व्हॅनिलाची तिसरीच तऱ्हा, निवडुंगासारखी: रात्री कार्बन डायऑक्साइड घेऊन ठेवायचा आणि दिवसा वापरायचा. तिचा आकडा या दोन टोकांच्या मधे पडतो. त्यामुळे प्रयोगशाळेत एक थेंब तपासून अल्कोहोल उसाचं की द्राक्षाचं, आणि व्हॅनिलिन शेंगेचं की लाकडाचं, हे बऱ्याच अंशी सांगता येतं. भेसळ पकडायला ही खूण कामी येते.

बाटलीत खरं काय आहे

व्हॅनिलिन लाकडाचं? हो. १८५८ मध्ये फ्रान्सच्या निकोला-तेओदोर गोबले यांनी शेंगेतून शुद्ध व्हॅनिलिन वेगळं केलं. १८७४ मध्ये जर्मनीत फर्डिनांड टीमान आणि विल्हेल्म हारमान यांनी ते सूचिपर्णी झाडांतल्या द्रव्यापासून बनवलं. पुढे कागद गिरण्यांच्या सांडपाण्यातल्या लिग्निनपासून, लवंगेच्या तेलापासून आणि मग खनिज तेलातून येणाऱ्या ग्वायाकोलपासून. आज जगातल्या व्हॅनिलाच्या चवीत शेंगेचा वाटा शंभरात एकही भरत नाही.

या कहाणीला मराठी फाटाही आहे. १९३१ मध्ये दांडेकरांनी शाईच्या व्यवसायाने सुरू केलेल्या, पुढे कंपासपेट्यांमुळे शाळकरी पोरांच्या दप्तरात गेलेल्या कॅम्लिनमधूनच कॅम्लिन फाइन सायन्सेस ही रसायन कंपनी निघाली. तिने गुजरातेत दहेजला कॅटेकॉलपासून ग्वायाकोल आणि त्यापासून व्हॅनिलिन अशी साखळी उभी केली. शाई आणि आइस्क्रीमचा वास यांचं घराणं एक निघावं, हे रसायनशास्त्रातच घडू शकतं.

कारखान्यात बनलेला व्हॅनिलिनचा रेणू शेंगेतल्या रेणूसारखाच असतो, अणूला अणू जुळतो. नसतात ते दोनशे सोबती. कीर्तनात बुवा आले आणि मागे टाळकरी नाहीत, तसं काहीसं. केकासारख्या भाजल्या जाणाऱ्या पदार्थात ही उणीव फारशी जाणवत नाही. थंड दुधात, साध्या आइस्क्रीममध्ये जाणवते.

शेंगेची जागा कारखान्याने का घेतली, याचं उत्तर भावात आहे. २००० मध्ये मादागास्करला मोठं चक्रीवादळ झालं आणि व्हॅनिलाचे भाव चढत गेले. कर्नाटक आणि केरळच्या सुपारी-नारळाच्या बागांत शेतकऱ्यांनी धडाधड वेल लावले. २००३ च्या सुमारास हिरव्या शेंगेचा किलोचा भाव तीन हजार रुपयांच्या वर गेला होता. शेंगा चोरीला जाऊ नयेत म्हणून लोक रात्री बागेत पहारा देत. दोन-तीन वर्षांतच भाव शंभरीच्या आसपास कोसळला. कांद्याचे भाव पाहिलेल्या शेतकऱ्याला या कथेचा शेवट सांगावा लागत नाही. अशा पिकावर गावोगावच्या बेकऱ्यांचा केक कसा चालणार?

त्यामुळे किराणा दुकानातल्या वीस-तीस मिलिलिटरच्या स्वस्त बाटलीत सहसा शेंग नसतेच. त्यात असतं बनवलेलं व्हॅनिलिन, कधी त्याचा तिखट भाऊ इथाइल व्हॅनिलिन, रंग, पाणी आणि वाहन म्हणून बहुधा प्रोपिलीन ग्लायकॉल हा बिनवासाचा, किंचित गोड द्रव. कुठे ग्लिसरीन, कुठे अल्कोहोलही. म्हणून नातवाला ती बारीक अक्षरं वाचायला लावणं योग्यच. आबांच्या घरच्या बाटलीत प्रोपिलीन ग्लायकॉल लिहिलं असेल आणि अल्कोहोलचा उल्लेख नसेल, तर गंमत अशी, की त्या केकात मेक्सिकोची शेंगही नाही आणि राहूचा ऊसही नाही. ज्याला अर्क म्हणतात आणि ज्याला इसेन्स म्हणतात, त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

तुकड्यात किती?

समजा बाटलीत खरा अर्क आहे. चहाचा एक चमचा म्हणजे पाच मिलिलिटर. त्यात ३५ टक्क्यांनी पावणेदोन मिलिलिटर अल्कोहोल. केक भट्टीत गेला की सगळं अल्कोहोल उडून जातं, असं सांगितलं जातं. तेही खरं नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यांप्रमाणे पिठात मिसळून अर्धा तास भाजलेल्या पदार्थात सुमारे ३५ टक्के अल्कोहोल मागे राहतं, तासाभरानंतर २५ टक्के. अल्कोहोल पाण्याशी घट्ट मैत्री ठेवून असतं आणि केकात पाणी शेवटपर्यंत उरतं.

तर पावणेदोनचे ३५ टक्के, म्हणजे ०.६ मिलिलिटर. केकाचे आठ तुकडे केले तर एका तुकड्यात ०.०८ मिलिलिटरहून कमी. डोळ्यात औषध घालायच्या नळीचे दीड थेंब. वरच्या मलईत किंवा आइस्क्रीममध्ये अर्क न तापवता घालतात, तिथं ते सगळं राहतं. तरी एका वाटीला तीन-चार थेंबांच्या वर जात नाही.

तुलनेला आपल्या फळीवरचं द्राक्षासव घ्या. आसव-अरिष्टांत आंबवणाने आपोआप अल्कोहोल तयार होतं, सहसा पाच ते दहा टक्क्यांच्या घरात, आणि बाटलीवर तसं छापलेलंही असतं. आठ टक्के धरलं तर जेवणानंतरच्या तीन चमच्यांत ते १.२ मिलिलिटर होतं, केकाच्या तुकड्याच्या पंधरापट. यीस्टने फुगवलेल्या पावातही अंशमात्र अल्कोहोल उरतं, फार पिकलेल्या केळ्यातही. अर्काची बाटलीच तोंडाला लावली तर मात्र गोष्ट वेगळी. बाजारातल्या रममध्ये अल्कोहोल ४२.८ टक्के, अर्क त्याच्या फार मागे नाही. लहान मुलांच्या हाती ती लागू देऊ नये.

कायद्यालाही पडलेला प्रश्न

आबांना पडलेला प्रश्न एकदा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. मुंबई राज्याने, ज्यात तेव्हा पुणे जिल्हा होता, १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा केला. त्यात मद्याची व्याख्या इतकी रुंद होती, की अल्कोहोल असलेला कुठलाही द्रव तिच्यात बसे. औषध बसे, अंगाला लावायचं कोलन वॉटरही बसे. फ्राम नसरवानजी बलसारा हे गृहस्थ न्यायालयात गेले. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दारूबंदी मुळात वैध ठरवली; मात्र अल्कोहोल असलेल्या औषधी आणि प्रसाधनाच्या वस्तू बाळगण्या-वापरण्यावरची बंदी रद्द केली.

त्यानंतर कायद्यात कलम २४अ आलं. मद्य म्हणून प्यायला अयोग्य असलेली प्रसाधनं, औषधं, जंतुनाशकं त्याने बंदीतून वगळली आणि त्याच यादीत स्वादाचे अर्क, इसेन्स आणि सरबतंही घातली. कसोटी लक्षात घेण्यासारखी आहे. द्रवात अल्कोहोल किती, यापेक्षा तो नशेसाठी पिण्याजोगा आहे का, हा प्रश्न कायद्याने विचारला.

ही कसोटी पोकळ नाही, हे अमेरिकेने आधी भोगलं होतं. तिथल्या दारूबंदीत स्वादाच्या अर्कांना मुभा होती आणि लोक आल्याचा तीव्र अर्क पिऊ लागले. तपासणीला फसवण्यासाठी काही उत्पादकांनी त्यात एक औद्योगिक रसायन मिसळलं. १९३० मध्ये हजारो माणसांचे पाय लुळे पडले. अर्क म्हणून वाहनाला मिळालेली सूट स्वाराशिवायच वापरली की असं होतं.

आबांचा तुकडा

मग आबांनी केक खावा का? दीड थेंबाचा हिशेब नातवाने मांडला तरी आबा त्याला हसून म्हणतील, माळ हिशेबावर घातलेली नाही. नेम हा मोजमापाने पाळायचा नसतो, हे त्यांचं म्हणणं कुठल्याही तक्त्याने खोटं पडत नाही. कायद्याने वापराची कसोटी लावली, शास्त्राने प्रमाणाची लावली. नेमाची कसोटी त्या माणसाकडेच. मात्र आपण नेमकं काय खातो किंवा नाकारतो आहोत, एवढं कळण्याचा हक्क तिन्ही ठिकाणी सारखा. तेवढ्यापुरतं हे प्रकरण.

आणि वाहन बदलता येतं. काचेच्या बरणीत अर्धा किलो साखर घ्यायची, व्हॅनिलाची एक शेंग उभी चिरून तिच्यात पुरायची आणि झाकण घट्ट लावून पंधरा दिवस, महिनाभर ठेवायची. मधूनच बरणी हलवायची. शेंगेतून सुटणारा वास साखरेच्या दाण्यांवर बसतो. दुधात, खिरीत, केकात ती साखर घातली की वास पोचतो, थेंबभरही अल्कोहोल न लागता. अर्काइतका तो भरदार नसतो, पण खरा असतो, आणि शेंग पुन्हा वापरता येते.

एकाच उसाची ही दोन लेकरं. कारखान्यात दाणे पडले ती साखर, न पडलेल्या मळीचं अल्कोहोल. व्हॅनिलाला दोघंही खांद्यावर घेतात. पुढच्या वाढदिवसाला सुनेने बरणीतली साखर वापरली, तर पहिला तुकडा आबांपुढे जाईल आणि बाटलीवरची अक्षरं वाचायला कुणाला बोलवावं लागणार नाही.